एक प्यादं जास्त असून बरोबरी? चूक ४७ व्या चालीला नाही, ३४ व्या चालीला झाली

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही नेरूळचे, रेटिंग १५२०. ठाण्यात नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दोन आठवडे शनिवार-रविवार चाललेल्या बुद्धिबळ स्पर्धेत सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत १७२० रेटिंगच्या एका काकांशी पांढऱ्याने खेळलात. प्रत्येकी साठ मिनिटं आणि दर चालीला तीस सेकंद वाढीव. हत्ती-प्याद्यांच्या एंडगेममध्ये, म्हणजे थोडेच मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, तुमचं एक प्यादं जास्त होतं. ४७ व्या चालीला काकांनी ड्रॉ विचारला. तेव्हा तुमच्याकडे अकरा मिनिटं होती आणि त्यांच्याकडे तीन. तुम्ही हात पुढे केलात. मग क्लबातले मित्र ‘अख्खं प्यादं वर असताना ड्रॉ कोण देतं?’ म्हणून मागे लागले, घरी इंजिननेही (डाव तपासणाऱ्या संगणक प्रोग्रॅमनेही) पांढरा वर दाखवला, आणि आता तुम्ही विचारताय की ड्रॉ घेऊन चुकलात का आणि तो एंडगेम जिंकायचा कसा होता.

मी पंचवीसेक वर्षं क्लबाच्या पातळीवर खेळतोय, गेली बारा वर्षं कळव्यात मुलांना शिकवतो, कधीमधी पंच म्हणूनही उभा राहतो. तुम्ही सगळ्या चाली लिहून पाठवल्यात हे फार बरं केलंत. नुसतं ‘एक प्यादं वर होतो’ यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. डाव पटावर मांडून दोनदा खेळून पाहिला. माझं मत असं की तुम्ही प्रश्नच चुकीच्या चालीबद्दल विचारताय. ४७ व्या चालीला तुम्ही जो ड्रॉ दिलात तो बऱ्यापैकी ड्रॉच होता. जिंकण्यासारखा डाव तुम्ही त्याच्या तेरा चाली आधी स्वतःच्या हाताने सपाट केलात, आणि ती चाल खेळताना तुम्हाला वाटलं असणार की आपण डाव सोपा करतोय.

३४ व्या चालीआधीची स्थिती बघा (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी रांग). तुमचा राजा डी४ वर, हत्ती बी५ वर, प्यादी ए४, ई४, एफ३, जी३, एच२. काकांचा राजा ई६ वर, हत्ती सी६ वर, प्यादी बी६, एफ७, जी६, एच७. जास्तीचं प्यादं म्हणजे ई४ चं. पण खरी मजा डावीकडे आहे. काकांचा हत्ती बी६ च्या प्याद्याला बांधलेला आहे. तो सहाव्या रांगेतून हलला की बी६ गेलं आणि तुमचं ए-चं प्यादं मोकळं सुटलं. राजाने बी६ राखायचं ठरवलं तर त्याला सी७ पर्यंत चालत जावं लागणार, म्हणजे उजवीकडची तीन प्यादी वाऱ्यावर. काका एकाच वेळी दोन ठिकाणी पहारा देत होते आणि पहारेकरी जेमतेम पुरत होते. त्यात तुमचा राजा डी४ वर, पटाच्या मधोमध. हत्तींच्या एंडगेममध्ये इतका सुखी राजा रोज मिळत नाही.

इथे तुम्ही ए५ खेळलात. बी६ ने ए५ खाल्लं, तुमच्या हत्तीने परत खाल्लं, आणि डावीकडचा पट रिकामा झाला. उरली उजवीकडे चार विरुद्ध तीन प्यादी आणि एकेक हत्ती. तुम्ही लिहिलंय, ‘एक प्यादं वर असल्यामुळे मारामारी करून साधं करावं असं वाटलं.’ हे वाक्य मी आजवर कितीतरी मुलांच्या तोंडून ऐकलंय, आणि मुलांना ते शिकवणारे बहुतेक वेळा आम्ही मास्तर लोकच असतो. ‘वर असाल तर मारामारी करा’, म्हणजे मोहऱ्यांची अदलाबदल करा, हे अर्धंच वाक्य आहे. पूर्ण वाक्य असं: वर असाल तर मोहरे मारा, प्यादी नका मारू. जो खाली आहे त्याला प्यादी संपायला हवी असतात. चार-तीनचं तीन-दोन होतं, तीन-दोनचं दोन-एक, आणि शेवटी एक प्यादं आणि हत्ती विरुद्ध नुसता हत्ती उरतो. तिथे फिलिडोर या जुन्या फ्रेंच खेळाडूची १७७७ सालापासून माहीत असलेली बचावाची रीत आहे: राजा प्यादं वजीर होण्याच्या घरावर, हत्ती स्वतःच्या तिसऱ्या रांगेवर, आणि प्यादं त्या रांगेवर आलं की हत्ती मागे जाऊन मागून शह द्यायचे. एवढं पाठ असलं की ड्रॉ होतो. म्हणजे काळ्यासाठी प्याद्यांची प्रत्येक अदलाबदल हे घराकडे टाकलेलं एक पाऊल असतं. तुम्ही ३४ व्या चालीला काकांना त्या वाटेवर स्वतः नेऊन सोडलंत.

सगळी प्यादी एकाच बाजूला असताना हत्तीच्या एंडगेममध्ये एक प्यादं का पुरत नाही, हे एकदा नीट कळलं की पुढची कितीतरी वर्षं उपयोगी पडेल. बचाव करणाऱ्याच्या राजाला कुठे धावायचं नसतं. सगळं भांडण त्याच्या अंगणात. हत्ती हा लांब पल्ल्याचा मोहरा, त्यामुळे तो मागून नाहीतर बाजूने त्रास देत राहतो. तुम्ही राजा पुढे नेला की मागची प्यादी उघडी पडतात, राजा मागे ठेवला की पुढे काही घडत नाही. पटाच्या दोन्ही टोकांना प्यादी असली की हाच बचाव फाटतो, कारण एका राजाला दोन टोकं सांभाळता येत नाहीत. तुमच्या ए४ च्या प्याद्याची किंमत एका प्याद्याएवढी नव्हतीच. काकांच्या राजाला खेचून नेणारी ती दोरी होती.

आता काकांबद्दल. तुमच्या ३५ व्या चालीनंतर त्यांनी लगेच एच५ खेळलं. तुम्हीच लिहिलंय की पाच सेकंदही घेतले नाहीत. हे वाचून मला हसू आलं. चार-तीनमध्ये एफ७, जी६, एच५ अशी प्यादी लावायची ही काळ्याची सगळ्यांत चांगली मांडणी, आणि ती ज्याला माहीत असते तोच एच५ इतक्या झटक्यात खेळतो. एच५ बसलं की पांढऱ्याला जी४ करून जागा बळकावता येत नाही. केलंच तर एक प्यादं मारलं जातं, म्हणजे पुन्हा काळ्याच्याच फायद्याचं. काका त्या क्षणापासून निवांत होते. त्यांच्या घड्याळावर तीन मिनिटं होती खरी, पण ज्याला काय करायचं ते माहीत आहे त्याला दर चालीची तीस सेकंद पुरेशी होतात.

म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. कधी चार-तीनमध्ये उतरावंच लागलं, तर उतरण्याआधी जी४ करून घ्या. तुमच्या डावात ३४ वी चाल जी४ असती तरी मी खूश झालो असतो. मग काळ्याने एच५ केलं तर तुम्ही खाता, तो जी-च्या प्याद्याने परत खातो आणि त्याची एफ७ व एच५ ही प्यादी दोन अनाथ भावंडांसारखी वेगळी पडतात. एच५ नाहीच केलं तर तुम्ही पुढे एच४, एच५ करून त्याला कोंडायला बघायचं. तरीही डावीकडचं प्यादं ठेवून जी४ केलेलं केव्हाही चांगलं. घाई कशाची होती? काकांना ३४ व्या चालीला करण्यासारखं फारसं काही नव्हतं. हत्ती सी२ वर जाऊन एच२ वर डोळा ठेवू पाहील, तर तुम्ही बी६ शहाबरोबर उचलता आणि ए-चं प्यादं धावायला लागतं. हत्ती सी५ वर आणून मारामारी मागेल, तर खुशाल करा. राजा-प्याद्यांच्या त्या एंडगेममध्ये तुमचं ए-चं प्यादं बाहेरून पळतं आणि काळ्याला आवरत नाही.

तुम्ही हत्ती-हत्ती मारायला घाबरत होतात असं ३८ व्या आणि ४१ व्या चालीवरून दिसतं. उलट करायला हवं होतं. चार-तीनमध्येही हत्ती गेले की राजा-प्याद्यांचा एंडगेम बहुतेक वेळा जास्तीच्या प्याद्याने जिंकला जातो. घोडे असते तरी निकाल बराचसा तुमच्या बाजूने झुकला असता. घोड्यांचे एंडगेम राजा-प्याद्यांच्या एंडगेमसारखेच वागतात हे जुने खेळाडू नेहमी सांगतात, आणि एकाच बाजूच्या चार-तीनमध्ये तर ते फार खरं ठरतं. हत्तीच तेवढा बचाव करणाऱ्याचा खरा मित्र. तेव्हा तुमच्या घोड्याने २९ व्या चालीला त्यांचा घोडा मारला तिथेही थोडं थांबून ‘हत्ती मारता येतील का?’ असं विचारायला हवं होतं. ती चूक म्हणत नाही, तिथे तुमचं प्यादं अडकत होतं. पण प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

आता इंजिन. तुम्ही पाठवलेल्या आलेखात ३३ व्या चालीला +१.७ आहे (अधिक म्हणजे पांढरा वर), ३५ व्या चालीनंतर +०.६, आणि ४७ व्या चालीला +०.५. तुम्ही शेवटचा आकडा बघून ‘अजूनही वर होतो’ म्हणालात. मी मधली घसरण बघतो. स्टॉकफिश या इंजिनच्या २०२२ साली आलेल्या १५.१ या आवृत्तीपासून हे आकडे असे बसवलेत की +१ म्हणजे इंजिन स्वतःशीच खेळलं तर साधारण निम्म्या वेळा जिंकेल. म्हणजे +१.७ वरून +०.६ वर येणं म्हणजे ‘बहुधा जिंकेन’ वरून ‘बहुधा ड्रॉ’ वर येणं. आणखी एक घरगुती चाचणी सांगतो. इंजिनला त्याच्याच चाली वीस-पंचवीस चाली पुढे खेळू द्या. आकडा +०.५ च्या आसपास नुसता लोंबकळत राहिला, वर चढलाच नाही, तर समजा की पुढे भिंत आहे. जिंकणाऱ्या स्थितीत आकडा चढत जातो.

इथे एक गंमत. हत्तींसकट दोन-एक प्याद्यांची स्थिती म्हणजे राजे आणि प्यादी धरून बरोबर सात मोहरे, आणि सात मोहऱ्यांपर्यंतचं सगळं बुद्धिबळ आता पूर्ण सुटलेलं आहे. लिचेस या संकेतस्थळावर ती माहिती फुकट बघता येते. तीन-दोनला नऊ मोहरे होतात, चार-तीनला अकरा. तिथे अजून माणसाचा अनुभवच लागतो. माजी जगज्जेत्या कापाब्लांकाने हेस्टिंग्जला १९३०-३१ च्या स्पर्धेत येट्सविरुद्ध असाच हत्तींचा चार-तीन एंडगेम जिंकला होता आणि तो आजही शिकवला जातो. म्हणजे ‘ड्रॉ’ म्हटलेला एंडगेमही जिंकता येतो, समोरच्याने चूक केली तर. तुमच्या काकांनी केली नाही.

मग ४७ व्या चालीला हात मिळवणं बरोबर होतं का? हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि इथे मी तुमच्या मित्रांएवढा ठाम नाही. पटावर बघाल तर तुमचा राजा एफ४ वर, हत्ती ए७ वर, प्यादी ई४, एफ३, जी३, एच४. काकांचा राजा जी७ वर, हत्ती बी३ वर, प्यादी एफ७, जी६, एच५. त्यांचा हत्ती तिसऱ्या रांगेवर बसून तुमच्या एफ३ कडे बघतोय. तुमचा राजा पुढे निघाला की तो मागे फराळाला बसणार. सहा चाली तुमचा हत्ती सातव्या रांगेवर येरझाऱ्या घालत होता, काही घडत नव्हतं. हे ड्रॉचं चित्र आहे. पण हरायची भीतीही जवळजवळ शून्य होती. फुकटात आणखी तीस-चाळीस चाली खेळून बघता आल्या असत्या.

मी काय केलं असतं? प्यादी लगेच हलवली नसती. प्यादं एकदा पुढे गेलं की परत येत नाही, शिवाय पन्नास चालींचा हिशोब (तेवढ्या चालींत प्यादं हललं नाही की काही मारलं गेलं नाही, तर ड्रॉ मागता येतो) प्याद्याच्या चालीने नव्याने सुरू होतो, म्हणून प्याद्याच्या चाली खिशात शिल्लक ठेवायच्या. आधी हत्ती वेगवेगळ्या घरांवर नेऊन काकांना दर वेळी विचारात पाडायचं. मधेच राजाच्या आधाराने हत्ती त्यांच्या हत्तीसमोर आणून मारामारी मागायची. त्यांना हत्ती बाजूला घ्यावाच लागतो, नाहीतर राजा-प्याद्यांचा हरलेला एंडगेम. त्यातून एखादी चाल पदरात पडते. मग ई५, राजा ई४ वर, आणि एफ४. शेवटी जी४. यातलं काहीच डाव जिंकून देत नाही, पण काकांना दर चालीला अर्ध्या मिनिटात बरोबर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि संध्याकाळी साडेसहाला, दुसऱ्या रविवारच्या सातव्या फेरीत, सगळ्यांनाच ते जमतं असं नाही.

२०२४ च्या डिसेंबरात सिंगापूरला गुकेश आणि डिंग यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत चौदाव्या डावात काय झालं ते आठवा. गुण सारखे, दोघांकडे हत्ती आणि उंट, गुकेशचं एक प्यादं जास्त, सगळे जण म्हणत होते आता ड्रॉ आणि उद्या टायब्रेक (बरोबरी फोडणारे जलद डाव). गुकेश खेळत राहिला. ५५ व्या चालीला डिंगने हत्तींची मारामारी मागितली, मागोमाग उंटही गेले आणि राजा-प्याद्यांच्या एंडगेममध्ये डिंगकडे काही उरलं नाही. पुन्हा तेच: हत्ती गेले आणि एक प्यादं पुरलं. त्याच नाण्याची दुसरी बाजूही सांगतो. २०१८ साली लंडनमध्ये कार्लसन आणि कारुआना यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतले बाराही डाव बरोबरीत सुटले, आणि बाराव्या डावात कार्लसनने चांगली स्थिती आणि जास्त वेळ हातात असताना ३१ व्या चालीला स्वतःहून ड्रॉ मागितला. टीका खूप झाली, पण दोन दिवसांनी जलद डावांत तो ३–० ने जिंकला. त्याला स्वतःचा हिशोब माहीत होता. तुमचा हिशोब तुम्हाला माहीत होता का, हाच प्रश्न आहे.

तुमच्या हिशोबातली एक बाजू मी मांडतो. दोनशे रेटिंगने वरच्या खेळाडूशी अपेक्षित गुण ०.२४ धरतात. तुमचा के-गुणक (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) २० असेल तर ड्रॉने तुम्हाला साधारण ५ गुण मिळाले, जिंकून १५ मिळाले असते. म्हणजे ड्रॉमुळे काही गमावलं म्हणायचं तर ते दहा गुण. बक्षिसांच्या यादीत तुम्ही कुठे होतात ते तुम्ही लिहिलं नाही. शेवटच्या फेरीत अर्ध्या गुणाने गटातलं बक्षीस पक्कं होत असेल तर ड्रॉ घेणं मला अजिबात गैर वाटत नाही. नुसता थकवा आणि लोकलची चिंता असेल, तर मी पुढे खेळलो असतो. ठाण्याहून नेरूळची गाडी रात्री उशिरापर्यंत असते हो.

मीही हे सगळं शहाण्यासारखं सांगतोय, पण एकदा उलटं करून बसलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी वाशीला एका स्पर्धेत हत्तींचा तीन-दोन एंडगेम होता, माझं प्यादं जास्त, आणि तेव्हा आमच्या स्पर्धांत वाढीव सेकंद नसायचे. समोरच्याने दोनदा ड्रॉ विचारला, मी दोनदा नाही म्हटलं, कारण हॉलच्या कडेला माझे विद्यार्थी उभे होते. शेवटच्या दोन मिनिटांत मी एवढा जोर लावला की माझाच फ्लॅग पडला, म्हणजे वेळ संपला. समोरच्याकडे हत्ती आणि प्यादी होतीच, त्यामुळे डाव गेला. विद्यार्थी बिचारे काही बोलले नाहीत. सानपाड्यापर्यंत चालत गेलो होतो त्या दिवशी, का ते मलाही ठाऊक नाही. सांगायचं इतकंच की ‘पुढे खेळा’ हा सल्ला घड्याळ बघून द्यायचा असतो. तुमच्या डावात तीस सेकंद वाढीव होती म्हणून मी तो देतोय.

एका गोष्टीवर मात्र मी तुम्हाला दोष देईन. ड्रॉ विचारल्यावर तुम्ही दहा सेकंदांत हात दिलात. कशाला? काकांनी विचारलं ते स्वतःचं घड्याळ दाबून झाल्यावर, तुमचा वेळ चालू असताना. नियमाप्रमाणे चाल पटावर करून, घड्याळ दाबण्यापूर्वी ड्रॉ विचारायचा असतो. भलत्या वेळी विचारलेला ड्रॉ बाद होत नाही, तो कायम राहतो, पण समोरच्याला त्याचा त्रास झाला तर पंचांकडे तक्रार करता येते. काकांनी एकदाच विचारलं, सभ्यपणे विचारलं, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. महत्त्वाचं हे की एकदा विचारलेला ड्रॉ मागे घेता येत नाही. तुम्ही तोंडाने नाही म्हणेपर्यंत, किंवा चाल करायच्या हेतूने मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो तुमच्या खिशात असतो. मग कागदावर बरोबरीचं चिन्ह लिहायचं, पाणी प्यायचं, आणि अकरातली पाच मिनिटं आरामात विचार करायचा. काका नाही म्हणू शकत नाहीत, तुम्ही कधीही हो म्हणू शकता. बुद्धिबळात इतकं फुकट काही मिळत नाही. त्या पाच मिनिटांत तुम्ही हत्तींची मारामारी मागायची कल्पना नक्की शोधली असतीत, निदान बघितली तरी असतीत. त्यानंतर ड्रॉ घेतला असतात तर मी एक शब्द बोललो नसतो.

स्कोअरशीटवरून आणखी एक दिसलं. ४२ ते ४६ या चालींत एकच स्थिती दोनदा आली होती. तिसऱ्यांदा आली असती तर काकांना ड्रॉ मागता आला असता, तुमच्या होकाराची गरजच नव्हती. त्यासाठी त्यांनी फक्त पुढची चाल कागदावर लिहून, ती न खेळता पंचांना बोलवायचं. जिंकायला बघणाऱ्याने हे मोजत राहायला हवं. तुम्ही मोजत नव्हतात असं दिसतं, नाहीतर ४६ व्या चालीला हत्ती परत त्याच घरावर नेला नसता.

सरावाचं विचारलं आहे म्हणून लिहितो. एंडगेमची जाडजूड पुस्तकं पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, कुणीच ती पूर्ण करत नाही. आमच्या मुलांकडून मी असं करून घेतो: तुमची ३५ व्या चालीनंतरची स्थिती पटावर मांडायची, दहा मिनिटं आणि दहा सेकंद वाढीव, आणि दोघांनी आलटून पालटून पाच-पाच डाव खेळायचे. काळ्याने खेळून ड्रॉ राखायला शिकलात की पांढऱ्याने कुठे त्रास द्यायचा ते आपोआप कळतं. त्यानंतर हीच गंमत ३४ व्या चालीआधीच्या स्थितीवरून. फरक हातालाच जाणवेल. फिलिडोरची रीत आणि हत्तीने पूल बांधून प्यादं नेण्याची ती दुसरी रीत, या दोन गोष्टी मात्र झोपेतही आल्या पाहिजेत. त्या दुसरीला लुसेनाचं नाव आहे, पण १४९७ च्या लुसेनाच्या पुस्तकात ती नाहीच. ती १६३४ साली साल्व्हिओच्या पुस्तकात आली. नावं अशीच चिकटतात.

मित्रांचं म्हणाल तर त्यांच्याशी वाद घालू नका. येत्या शनिवारी क्लबात ४७ व्या चालीची स्थिती मांडा, पांढरे मोहरे त्यांना द्या, काळे तुम्ही घ्या, घड्याळ लावा आणि म्हणा, जिंकून दाखवा. पहिल्या डावाच्या चाली लिहून मला पाठवा, मला बघायला आवडतील. फक्त खेळायला बसण्याआधी एच५ च्या प्याद्याला हात लावायचा नाही हे लक्षात ठेवा.